कोणी, काय आणि कधीपर्यंत?

"उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, संदर्भीय पत्रान्वये मागविण्यात आलेली माहिती अद्याप अप्राप्त असून, सदर माहिती विहित नमुन्यात तत्काळ सादर करणेबाबत आपल्या स्तरावरून उचित कार्यवाही करण्यात यावी."

हे वाक्य मी नमुन्यादाखल रचलं आहे. पण कचेरी, बँक, शिक्षणसंस्था किंवा गृहनिर्माण सोसायटी, यांपैकी कशाशीही रोजचा संबंध असलेल्या माणसाला ते ओळखीचं वाटेल. व्याकरणाची एकही चूक त्यात नाही. तरीही ज्याच्या टेबलावर हे पत्र पडतं, त्याला नेमकं काय करायचं ते कळत नाही. माहिती कसली? ती कोणी पाठवायची? 'तत्काळ' म्हणजे आज, की आठवड्याभरात? आणि 'उचित कार्यवाही' करायची म्हणजे माहिती पाठवायची, की ती पाठवायला आणखी कोणाला तरी सांगायचं? बहुतेक ठिकाणी दुसरीच गोष्ट घडते. तेच वाक्य, तारीख आणि जावक क्रमांक बदलून, खालच्या कार्यालयाला रवाना होतं. पत्रं फिरत राहतात आणि माहिती आहे तिथेच राहते.

आता हेच पत्र कामाचं करू. "तुमच्या तालुक्यातल्या ज्या शाळांची स्वच्छतागृहं बंद आहेत त्यांची यादी आम्ही ३ जूनच्या पत्राने मागितली होती. ती अजून मिळालेली नाही. सोबतच्या तक्त्यात भरून ती तुम्ही २० जूनला संध्याकाळी ५ वाजेपर्यंत शिक्षण विभागाला ई-मेलने पाठवावी." तीन वाक्यं, पण कोणी, काय, कशात भरून, कुठे आणि कधीपर्यंत हे सगळं त्यात आलं.

दोन्ही मजकूर शेजारी ठेवून पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. दुसऱ्या पत्रात अशी माहिती आहे जी पहिल्यात नव्हतीच. शाळा, स्वच्छतागृहं, २० जून, संध्याकाळचे ५, ई-मेल. ती आली कुठून? लिहिणाऱ्याला ती आधी शोधावी लागली, आणि जी कुठेच नव्हती ती ठरवावी लागली. वीस तारीख कोणीतरी निश्चित केली, तेव्हाच ती कागदावर उतरली. कामाच्या ठिकाणच्या स्पष्ट लेखनाबद्दल मला जे सांगायचं आहे ते हेच. लेखनातली बहुतेक संदिग्धता भाषा कच्ची असल्याने येत नाही. निर्णय कच्चा असल्याने येते. लिहिणाऱ्याने काही ठरवलेलं नसतं, किंवा ठरवलेलं असूनही ते स्वतःच्या नावावर कागदावर घ्यायची त्याची तयारी नसते. मराठीतला 'करण्यात यावे' हा प्रयोग अशा वेळी फार सोयीचा पडतो. तो क्रियापद देतो आणि कर्ता गिळून टाकतो.

ही सवय आपल्याला लागली कशी? ब्रिटिश काळातल्या कचेरीचं इंग्रजी असंच कर्त्याला लपवणारं होतं. संयुक्त महाराष्ट्र झाला, १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झालं, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम आला आणि कारभार मराठीत आणण्याचं प्रचंड काम सुरू झालं. त्या कामाबद्दल मला आदर आहे. अधिसूचना, परिपत्रक, सेवाज्येष्ठता असे शब्द आज शिपायापासून सचिवापर्यंत सगळे सहज वापरतात. लोक या शब्दांची थट्टा करतात ती मला पटत नाही, कारण शब्द रुळतात. अडचण वाक्याच्या घडणीत राहिली. शब्द मराठी झाले, पण वाक्य जुन्या इंग्रजी मसुद्याच्या साच्यातच बसलं.

मराठीत कामाचं लेखन पूर्वी असं नव्हतं. त्याचा एक भक्कम पुरावा साडेतीनशे वर्षांपूर्वीचा आहे. सन १६७३-७४ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूण भागात छावणीला असलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला त्रास देऊ नका, एवढ्यापुरतं ते सगळ्यांना माहीत असतं. मला ते वाचताना कामाच्या लेखनाचा उत्तम नमुना म्हणून भावतं, म्हणून त्याचा आशय जरा सविस्तर सांगतो.

पत्राची सुरुवात परिस्थितीपासून होते. लष्कराचा मुक्काम चिपळुणात पडला. आता घाटावर जाण्याचे दिवस राहिले नाहीत, म्हणून छावणी करावी लागली. दाभोळच्या सुभ्यात पागेसाठी पावसाळ्याची जी बेगमी केली होती, तिच्यातली बरीच या मुक्कामात संपली. मग कारकुनांकडून आणि गडांवरून मिळेल तो दाणा देववून कशीबशी सोय केली आहे. इथपर्यंत वाचणाऱ्याला कळलं की साठा मर्यादित का आहे. मग सूचना येते, आणि ती थेट 'तुम्ही' म्हणून येते. तुम्ही मनाला येईल तसा दाणा आणि गवत मागाल, आहे तोवर घोड्यांना वाटेल तसं चाराल, मग भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल. त्यानंतर तुम्ही मुलखाला त्रास द्यायला लागाल. जीव मुठीत धरून घरात राहिलेले कुणबी निघून जातील, आणि त्यांना तुम्ही मोगलांहून वाईट वाटाल.

पुढचा भाग तर आजच्या कुठल्याही सुरक्षा-सूचनेने धडा घ्यावा असा आहे. आगीची काळजी घ्यावी, एवढं सांगून पत्र थांबत नाही. आग कशी लागेल ते एकेक करून सांगतं. कोणी शेकोटी पेटवील, कोणी नको त्या जागी चूल मांडील, कोणी तंबाखूसाठी विस्तव घेईल आणि गवत पडलंय, वारा सुटलाय याचा विचार करणार नाही. रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल. एका खणाला आग लागली की सगळे खण जातील. आणि मग कोणाच्या माना मारल्या, कारकुनाला कितीही ताकीद दिली, तरी पुन्हा खण उभारायला लाकूड मिळणार नाही.

त्या उंदरापाशी मी दर वेळी थांबतो. राज्याच्या धन्याने छावणीतल्या माणसांना पत्र लिहिताना वातीवर येणाऱ्या उंदराचा विचार केलेला आहे. पत्र वाचणारा माणूस रात्री दिव्यापाशी बसलेला असणार, त्याच्या डोळ्यांपुढे काय असणार, हे लिहिणाऱ्याच्या मनात पक्कं होतं. 'अग्निसुरक्षेच्या अनुषंगाने आवश्यक ती दक्षता घेण्यात यावी' हे वाक्य वाचून एकही हवालदार उठून दिवा विझवणार नाही. उंदराचं वाचून तो विझवील. शिवाय प्रत्येक सूचनेला कारण जोडलेलं आहे. कारण कळलेला माणूस पत्रात न आलेल्या प्रसंगीही शहाणपणाने वागू शकतो. नुसता हुकूम मिळालेला वागू शकत नाही.

आणखी एक नोंद. हे पत्र फारसी-अरबी शब्दांनी भरलेलं आहे. त्याच राजवटीत पुढे रघुनाथपंडितांकडून राज्यव्यवहारकोश तयार झाला आणि कारभारातल्या त्या शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. पण पत्राची स्पष्टता शब्दांच्या कुळावर अवलंबून नव्हती. 'ई-मेल' लिहावं की 'विपत्र' यावर कार्यालयांत तास घालवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता याच्या उलट टोकाचं उदाहरण. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया हे अवकाशयान निघालं. उड्डाणानंतर ८२ सेकंदांच्या आतच बाहेरच्या इंधनटाकीवरच्या फोमचा मोठा तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असताना बोईंगच्या अभियंत्यांनी या आघाताचा अभ्यास करून नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइडवर मांडला. त्यातली एक स्लाइड पुढे फार चर्चिली गेली. तिचा मथळा वाचला तर वाटावं की चाचण्यांवरून काढलेला अंदाज सुरक्षित बाजूला झुकलेला आहे. त्याखाली मुद्दे, मुद्द्यांखाली उपमुद्दे, त्यांच्याखाली आणखी बारीक अक्षरातले उपमुद्दे. आणि अगदी शेवटच्या ओळीत, सगळ्यात खालच्या पायरीवर, एक तुलना होती. आदळलेल्या तुकड्याचं आकारमान अंदाजे १,९२० घन इंच, आणि ज्या चाचणीच्या आधारावर अंदाज बांधला त्यातल्या तुकड्याचं ३ घन इंच. म्हणजे प्रत्यक्षातला तुकडा चाचणीतल्यापेक्षा ६४० पट मोठा होता. थोडक्यात, त्या चाचणीवरून काहीच खात्रीने सांगता येत नव्हतं. मथळा व्हावी अशी ती ओळ तळाला पडली होती.

१ फेब्रुवारीला परतीच्या प्रवासात यान वातावरणात फुटलं. सात अंतराळवीर गेले, त्यांत कर्नालची कल्पना चावला होती. अपघात त्या एका स्लाइडमुळे झाला असं म्हणणं चूक ठरेल. नासाच्या कामकाजातले दोष खोलवरचे होते आणि चौकशी मंडळाने ते सविस्तर नोंदवले आहेत. पण त्याच मंडळाने ऑगस्ट २००३ च्या अहवालात या स्लाइडचं माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी केलेलं विश्लेषण छापलं, आणि तांत्रिक अहवालांऐवजी स्लाइडवर काम भागवण्याच्या पद्धतीवर बोट ठेवलं. माहिती सगळी होती, खोटं काही नव्हतं. वरिष्ठाने वाचून काय ठरवायचं आहे, तो प्रश्न मात्र मजकुराच्या केंद्रस्थानी नव्हता.

पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, ॲमेझॉनचे जेफ बेझोस यांनी वरिष्ठांच्या बैठकांत पॉवरपॉइंट बंद केलं आणि पूर्ण वाक्यांत लिहिलेलं टिपण मागितलं. बैठकीच्या सुरुवातीला सगळे ते शांतपणे वाचतात, मग चर्चा होते. मला यातलं मर्म असं वाटतं की पूर्ण वाक्याला कर्ता आणि क्रियापद लागतं. 'विलंब – पुरवठादार – उपाययोजना' असे तीन ठिपके देऊन भागतं. "पुरवठादाराने माल दोन आठवडे उशिरा दिला, म्हणून आपण दुसरा पुरवठादार शोधतो आहोत" असं लिहायचं तर ते आधी खरं असावं लागतं.

इतर देशांत याचा विचार सरकारी पातळीवर बराच आधीपासून झाला. महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, ऑगस्ट १९४० मध्ये, ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनी आपल्या खात्यांना टिपणं छोटी करण्याचा लेखी आदेश दिला. मुद्दे लहान परिच्छेदांत द्या, तपशील परिशिष्टात टाका, असा त्याचा आशय. तिथल्याच सनदी सेवेतले अर्नेस्ट गॉवर्स यांनी ब्रिटिश अर्थखात्याच्या सांगण्यावरून १९४८ साली अधिकाऱ्यांसाठी साध्या भाषेवर पुस्तिका लिहिली. अमेरिकेने २०१० मध्ये यासाठी कायदाच केला. २०२३ मध्ये साध्या भाषेचं आंतरराष्ट्रीय मानकही आलं. त्याची कसोटी मला फार उपयोगी वाटते. वाचणाऱ्याला हवं ते सापडलं पाहिजे, सापडलेलं समजलं पाहिजे आणि समजलेलं वापरता आलं पाहिजे. 'सुंदर' किंवा 'भारदस्त' हे शब्द त्यात कुठेच नाहीत.

आपल्याकडे या प्रश्नावर सगळ्यात ठाम शब्द न्यायालयातून आले. ऑगस्ट २०२२ मध्ये स्टेट बँकेच्या एका कर्मचाऱ्याच्या शिस्तभंगाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे होतं. उच्च न्यायालयाच्या निकालाची भाषा इतकी गुंतागुंतीची होती की ती समजण्यापलीकडची आहे असं न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि ए. एस. बोपण्णा यांच्या पीठाने म्हटलं, आणि प्रकरण परत पाठवलं. निकाल कसा लिहावा याचीही त्यांनी दिशा दाखवली. आधी प्रश्न कोणता ते सांगा, मग नियम, मग तो या प्रकरणाला कसा लागू होतो, शेवटी निष्कर्ष. परिच्छेदांना क्रमांक द्या. ज्याच्याविषयी निकाल आहे त्या माणसाला तो वाचता यायला हवा. ही पद्धत वकिलांपुरती राखून ठेवण्याचं कारण नाही. कर्जाचा अर्ज नाकारणाऱ्या बँक व्यवस्थापकाला आणि रजा नाकारणाऱ्या मुख्याध्यापकांना ती तितकीच लागू पडते.

आता रोजच्या कामाकडे येऊ. बहुतेकांचं लेखन पत्रांत होत नाही, ई-मेल आणि व्हॉट्सॲपवर होतं. समजा, एखाद्या कारखान्यातून सुपरवायझरने साहेबांना संदेश पाठवला: "सर मशीनचा प्रॉब्लेम झालाय, प्लीज बघून घ्या." साहेब विचारणार कुठलं मशीन, काय झालं, आता काय करायचं. चार फोन होतील. त्याऐवजी असं लिहिता येईल: "सर, ३ नंबरच्या मशीनचा बेल्ट सकाळी १० ला तुटला. स्टोअरमध्ये दुसरा नाही. पुण्याहून मागवला तर उद्या दुपारी येईल, ४,२०० रुपये लागतील. मागवू का? १२ पर्यंत सांगितलंत तर आजच्या गाडीने निघेल." साहेबांना आता एकच शब्द लिहायचा आहे. हा दुसरा संदेश लिहायला सुपरवायझरला उठून स्टोअरमध्ये जावं लागलं, दुकानदाराला फोन करावा लागला. चांगल्या संदेशातलं अर्धं काम टाइप करण्याआधीच होतं.

"सरांना असं थेट कसं लिहायचं? उद्धट वाटेल," अशी भीती अनेकांना, विशेषतः नव्या माणसांना, वाटते. ती खरी आहे. आपल्याकडे वरिष्ठाला तारीख सांगणं हेच आगाऊपणाचं मानणारी माणसं आहेत. पण वरच्या संदेशात अदबीला कुठे धक्का लागला? 'सर' आहे, 'सांगितलंत तर' आहे, निर्णय त्यांच्यावरच सोपवलेला आहे. 'आपण पाठवावी' असं म्हणायची सोय मराठीत आहेच. त्यात मान आहे आणि कर्ताही आहे. आदर दाखवायला कर्ता काढून टाकायची गरज नसते. इंग्रजीत लिहिणाऱ्यांची तऱ्हाही अशीच आहे. 'काइंडली डू द नीडफुल' लिहून मेल पाठवला की आपली जबाबदारी संपली असं वाटतं, पण 'नीडफुल' म्हणजे काय हे शोधायचं काम समोरच्यावर ढकललेलं असतं.

वाईट बातमी लिहिताना हीच भीती दुप्पट होते. मुदत चुकणार असेल तर ते तिसऱ्या परिच्छेदात, 'काही अपरिहार्य कारणास्तव' या शब्दांमागे दडतं. माझ्या मते ही कामातली सगळ्यात महाग पडणारी सवय आहे. उशीर होणार हे पहिल्या ओळीत सांगा, किती ते सांगा, आता काय करता येईल ते सांगा. कारणं त्यानंतर. वरिष्ठाला धक्का बसेल, पण हातात वेळही राहील.

बैठकीच्या इतिवृत्तात तर 'सविस्तर चर्चा झाली' आणि 'पाठपुरावा करण्याचे ठरले' यांना बंदीच घालावी. चर्चा झाली नसती तर बैठक कशाला म्हणायची? ठरलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे एका माणसाचं नाव आणि एक तारीख हवी. नाव लिहायला कोणी तयार नसेल, तर ती गोष्ट ठरलेलीच नाही, आणि हे बैठक संपण्यापूर्वी कळलेलं बरं.

हे शिकायचं कसं? पुस्तकं आणि कार्यशाळा उपयोगी पडतात, पण खरा शिक्षक तुमच्या 'सेंट' फोल्डरमध्ये बसलेला आहे. गेल्या महिन्यात पाठवलेले जे मेल उलट प्रश्न घेऊन परत आले, ते काढा. "म्हणजे नक्की कधी?", "हे मी करायचं की अकाउंट्सने?" असे ते प्रश्न वाचा. त्यांची उत्तरं मूळ मजकुरात कुठे यायला हवी होती ते पाहा. आठवड्याभरात तुमची स्वतःची ठरावीक चूक दिसू लागेल. कोणी तारीख विसरतं, कोणी संदर्भ सांगण्यात दोन परिच्छेद घालवतं, कोणी एका मेलमध्ये चार विषय कोंबतं आणि उत्तर एकाचंच येतं. लिहायला बसण्यापूर्वी 'हे वाचून कोणी काय करायचं?' याचं उत्तर एका ओळीत मांडा, आणि ती ओळ मजकुराच्या डोक्यावर ठेवा. ओळ जमत नसेल तर मेल लिहायची वेळ अजून आलेली नाही. आधी फोन करा, फाईल बघा, ठरवा. आणि पाठवण्यापूर्वी मजकूर मोठ्याने वाचा. जिथे श्वास अपुरा पडतो तिथे वाक्य तोडा.

हल्ली मसुदे लिहून देणारी एआय साधनं हाताशी आहेत. शुद्धलेखन आणि वाक्यरचना ती नीट करतात, आणि ज्यांना भाषेचा न्यूनगंड होता त्यांना त्यांचा मोठा आधार आहे. पण वीस तारीख की पंचवीस, हे त्यांना माहीत नसतं. न ठरलेली गोष्ट त्यांच्याकडे सोपवली तर गुळगुळीत संदिग्धता हाती येते, आणि ती खडबडीत संदिग्धतेपेक्षा ओळखायला कठीण.

शेवटी एक विनंती, ज्यांच्या सहीने पत्रं निघतात त्यांना. नवा माणूस लिहायला शिकतो तो जुन्या फायलींतले मसुदे पाहून, आणि तुम्ही कशावर सही करता ते पाहून. त्याचा मसुदा तुम्ही मुकाट्याने दुरुस्त करून पाठवून दिलात तर तो काहीच शिकत नाही. कर्ता नसलेल्या वाक्याखाली रेघ मारा, बाजूला 'कोणी?' एवढंच लिहा आणि मसुदा त्याच्याकडे परत पाठवा. पहिले काही दिवस काम सावकाश होईल. ते होऊ द्या.